ओटा घरात आला त्याची गोष्ट : खानदेशातल्या स्वयंपाकघर दुरुस्तीची पार्श्वभूमी

दिवाळी आटोपली, कापसाचे थोडेफार पैसे हातात आले, की जळगाव-धुळ्याकडे घरदुरुस्तीची कामं निघतात. त्यात पहिला नंबर स्वयंपाकघराचा. घरातली सून ट्रॉल्यांचा रंग निवडते, सासरे ग्रॅनाइटचा भाव काढून येतात, ठेकेदार वहीच्या कागदावर नकाशा मारतो. इथवर सगळं गोडीत चालतं. वाद पेटतो तो गवंड्याने भिंतीवर खडूची रेघ मारली की. ओटा इथवर आणायचा की दोन बोटं खाली? सासूची उंची वेगळी, सुनेची वेगळी, आणि गवंड्याच्या डोक्यातलं माप तिसरंच. वाद दोन बोटांचा दिसतो, पण त्यामागे चाळीस-पन्नास वर्षांची उलथापालथ आहे, आणि तिची सुरुवात एका शब्दापासून होते.

खानदेशात ओटा ही घराबाहेरची वस्तू. दाराच्या दोन्ही अंगांना, रस्त्याकडे तोंड करून, गुडघ्याएवढ्या उंचीचा. सकाळी त्यावर म्हातारी माणसं ऊन खात, दुपारी बायका सूप घेऊन धान्य निवडत, रात्री पुरुषांची बैठक. बसायची जागा ती ओटा. घरात असायची ती चूल, आणि चुलीपुढे पाट. माझी आजी शिरपूरकडची. १९८४ साली मामांनी स्वयंपाकघरात ओटा बांधायचं काढलं तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "ओटा बाहेर ऱ्हास, घरमा नही." म्हणजे ओटा बाहेर असतो, घरात नाही. सगळे हसले.

हसण्यासारखं पुढे झालं. मामांनी गवंड्याला "घरात ओटा बांध" एवढंच सांगितलं आणि ते शेतावर निघून गेले. गवंडी गावातलाच, वयस्कर. त्याने आयुष्यभर बांधलेला ओटा बांधला : दीड फूट उंच, वर शहाबादी फरशी, कडेला गोलाई. काम सुबक होतं. महिन्याभराने गॅस आला. सोबत आलेल्या माणसाने शेगडी हातात धरून विचारलं, ही ठेवू कुठे? सिलिंडर उभं दोन फुटांच्या आसपास. शेगडी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा वर असायला हवी, हा गॅस वापराचा पहिला नियम. दीड फुटी ओट्यावर तो पाळता येईना. शेगडी आठवडाभर खोक्यातच राहिली, आणि सुबक ओटा फोडून त्या जागी अडीच फुटांचा उभा केला. तेवढ्या आठवड्यात आजीने त्या बुटक्या ओट्यावर पितळी डबे मांडले होते, काठवट टेकवली होती, आणि पाटावर बसून हात पोचेल तिथे सगळं लावून घेतलं होतं. तिच्या हिशेबाने तो ओटा बरोबरच होता.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की आज आपण ज्याला किचन ओटा म्हणतो तो आमच्याकडे स्वयंपाकाच्या गरजेतून वर आलेला नाही. त्याला वर चढवलं सिलिंडरने. उभ्या ओट्याची मुंबई-पुण्याकडची हकीकत वेगळी असेल. तिकडे कट्टाही म्हणतात, आणि तोही मुळात बसायचाच. पण खानदेशातल्या खेड्यांत आणि तालुक्यांच्या गावांत क्रम असाच : आधी गॅसला नंबर लावायचा, मग ओटा बांधायचा, मग उभं राहायला शिकायचं.

त्याआधीचं फार सांगायला नको, बहुतेकांनी पाहिलेलं आहे. धाब्याचं घर, मातीचं छत, जाड भिंती. मागच्या खणात चूल, तिच्या अंगाला वैल, वर धुराडं. एका कोपऱ्यात मोरी, दुसरीकडे रांजण आणि माठ. भिंतीत कोनाडे, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, उंदीर-मांजरापासून दूर टांगलेलं शिंकं. रोज सकाळी पोतेरं. सातपुड्यातल्या पाड्यांवर घराची आणि चुलीची मांडणी निराळी होती, तो स्वतंत्र विषय आहे. धाब्याच्या घरात बसलेल्या बाईच्या हाताच्या टप्प्यात बहुतेक सगळं असे, याकडे मात्र लक्ष वेधायचं आहे. पाटावरून न उठता भाकरी थापणं, ती तव्यावर टाकणं, चुलीच्या कडेला शेकणं आणि ताटात वाढणं, हे एकाच बैठकीत होई. धुराने डोळे जात होते, कंबर मोडत होती, तेही खरं. जुन्या चुलीचं गुणगान करणाऱ्यांनी एक दिवस ओल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, पेटवून बघाव्यात.

घरगुती गॅस भारतात आला १९५५ साली, मुंबईत. तिथून जळगावच्या कॉलन्यांपर्यंत आणि पुढे खेड्यांपर्यंत यायला त्याला दशकं लागली. मध्ये रॉकेलचा काळ होता, पंप मारायचा स्टोव्ह आणि वातींचा स्टोव्ह. हे दोन्ही जमिनीवरच ठेवले जात, त्यामुळे बैठक मोडली नाही. १९८० च्या दशकात सरकारी योजनेतून निर्धूर चुली आल्या, काही घरांत गोबरगॅसही आला. निर्धूर चुलीचा पाइप बहुतेक घरांत काजळीने बुजला आणि बायकांनी तो काढून टाकला. गोबरगॅस टिकला, पण ज्यांच्याकडे ढोरं होती त्यांच्याकडेच. सिलिंडरचा नंबर लागायला त्या काळात वर्षं जायची, नवीन जोडणी म्हणजे लग्नात द्यायची गोष्ट. खेड्यांतल्या उरलेल्या घरांत गॅस पोचला तो २०१६ नंतर, उज्ज्वला योजनेत. तेव्हा अनेक ठिकाणी पुन्हा तेच घडलं : शेगडी आली, ठेवायला जागा नव्हती, म्हणून विटा रचून वर कडप्पा टाकला.

कडप्पा म्हटला की १९८० ते २००० ही वीस वर्षं डोळ्यांपुढे येतात. काळा, स्वस्त, कुठेही मिळणारा. ओट्याखाली त्याच्याच उभ्या-आडव्या फळ्या मारून कप्पे करायचे, पुढे फुलाफुलांचा पडदा. दगड चुनखडीच्या जातीचा, त्यामुळे लिंबू-चिंच सांडली की पांढुरका डाग कायमचा. शेवभाजीचं तेल मुरलं की तो भाग अधिकच काळा होई. ग्रॅनाइट आला आणि हा त्रास गेला. पण कडप्प्याचे कप्पे उघडे होते, हात घालून डबा बाहेर काढता येई. त्यांच्या जागी स्टीलच्या ट्रॉल्या आल्या त्या बेतशीर, चकचकीत आणि पुण्या-मुंबईच्या घरासाठी मापलेल्या. वर्षाचे गहू, ज्वारी, तूरडाळ भरणाऱ्या घरात ट्रॉली काय कामाची? धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या गेल्या जिन्याखाली, आणि रोजचं पीठ काढायला घरभर फेऱ्या सुरू झाल्या.

त्याच सुमारास स्वयंपाकघराच्या छापील नकाशांतून तो प्रसिद्ध त्रिकोणही आला : शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणारा. हा विचार १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात झालेल्या घरबांधणीच्या अभ्यासातून आलेला आहे. तीन बाजू मिळून फार तर २६ फूट, म्हणजे चालणं वाचतं. हिशेब चोख आहे. फक्त त्यात सिंकला चोवीस तास पाणी गृहीत धरलेलं आहे. खानदेशातल्या कित्येक गावांत नळ चार-आठ दिवसांआड येतो. पिण्याचं पाणी पिंपात, वापरायचं टाकीत, आणि बोअरचं खारं पाणी वेगळ्या तोटीला. त्रिकोणाचा इथे चौकोन होतो आणि चौथा कोपरा पिंपाचा असतो. नकाशात पिंपाला जागा सोडलेली मी अजून पाहिलेली नाही. ते दाराआड जातं आणि दार अर्धंच उघडतं.

आता पुन्हा उंचीकडे. सरळ उभं राहून कोपर वाकवलं, की त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा, असा ठोकताळा आहे. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३२-३३ इंच. अमेरिकेत ३६ इंच रूढ झाले ते तिथल्या उंचीला धरून. तयार कपाटांसोबत ३४ इंचांचं माप आमच्याकडे आलं आणि आता ठेकेदार तेच शास्त्र म्हणून सांगतात. पण ३२ हे उत्तरसुद्धा भाजी चिरण्यापुरतंच आहे. चिरायला विळी होती ती सुरी झाली, तिथे ते चालतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला खांद्यातून भार द्यावा लागतो, त्याला ३० इंचही जास्त वाटतात. आणि शेगडी? ओटा ३२, शेगडी ५, वर बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) शिजत्या पिठाचं, म्हणजे घाट्याचं, १२ इंची पातेलं. पातेल्याचा काठ आला ४९ इंचांवर, म्हणजे पाच फुटी बाईच्या बरोबर खांद्याशी. खदखदणारा घाटा त्या उंचीवर लाकडी दांड्याने हाटायचा. माझ्या मावशीने एक वर्ष हे केलं, दंडावर पोळल्याचा डाग अजून आहे. दुसऱ्या वर्षी तिने शेगडी खाली फरशीवर आणून ठेवली आणि सिलिंडर शेजारी. नियम मोडला खरा, पण तिला तो पाळता येईल अशी जागा घरात कुणी ठेवलीच नव्हती.

उभा ओटा हवा की बैठा, असा हा वाद मांडणारे दोन्हीकडचे लोक थोडे चुकतात, असं माझं मत. ज्याला आज मॉड्युलर किचन म्हणतात त्याचं मूळ १९२६ सालच्या फ्रँकफर्टमध्ये सापडतं. कामगारांच्या घरांसाठी एका बाईंनीच आखलेलं, जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर. त्यात डाळ-तांदळासारख्या जिन्नसांसाठी ॲल्युमिनियमचे नावं लिहिलेले खण होते, आणि खिडकीशी चिरायच्या फळीपुढे एक फिरतं स्टूल होतं. बसून करायची कामं बसूनच करावीत, हे त्या आखणीत धरलेलं होतं. आपल्याकडे कपाटं पोचली, स्टूल वाटेत कुठेतरी उतरलं.

बसून करायची कामं आमच्याकडे तर ढीगभर. उडदाचे पापड लाटणं, मेथीच्या जुड्या खुडणं, भरीताच्या वांग्यांची सालं काढणं, खोबरं-कांदा भाजून झाल्यावर पाट्यावर वाटणं. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन खेड्यांत दहा-बारा तासांवर गेलं, तेव्हा मिक्सर गप्प आणि पाटा-वरवंटा पुन्हा मोरीतून बाहेर. ज्यांनी दुरुस्तीत पाटा फेकला होता ते शेजारी वाटायला जात. भरीताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावरच खमंग होतात, गॅसवर त्यांचं पाणी गळून बर्नरची भोकं बुजतात. खापर तर शेगडीवर बसतच नाही. परातीएवढं पालथं मातीचं भांडं, त्याला खालून सगळीकडे जाळ लागतो. गॅसची ज्योत मधल्या वितभर जागेला पोचते, मांडा, म्हणजे खापरावरची पुरणपोळी, मधे करपतो आणि कडेला कच्चा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आमरसासोबत खापराची पुरणपोळी नसेल तर सण झाला असं कुणी म्हणत नाही. कानबाई देवीच्या सणाला करायच्या रोटांचंही तसंच.

म्हणून चूल गेली नाही. ती घराबाहेर पडली. नव्वदच्या दशकात स्लॅबची घरं आली तशी मागच्या अंगणात पत्र्याखाली दुसरी चूल मांडली जाऊ लागली. आधी कुणी तिचा नकाशात उल्लेख करत नसे, चुलतभाऊ आल्यासारखी ती आपली असायची. धाब्यापेक्षा स्लॅब तापतो, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून शेगडी असेल तर दुपारी चार वाजता पोळ्या करणं म्हणजे शिक्षा. त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळचा स्वयंपाकही हळूहळू मागे सरकला. वास्तूवाले आग्नेय कोपरा सांगतात. तो पश्चिमेचा ताप टाळतो, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. बाकी त्यांच्यामुळे पाण्याचे पाइप किती लांब फिरले याचा हिशेब प्लंबरला विचारावा. चिमणीचं म्हणाल तर आमच्या घरात हा शब्द आधी रॉकेलच्या दिव्याचा होता. आता तो शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या डब्याचा आहे, आणि फोडणीच्या मिरचीपुढे तो डबाही खोकतो.

कामाचा महिना हाही याच इतिहासाचा भाग. उन्हाळी सुट्टीत दुरुस्ती काढायची पद्धत नोकरदारांची, शाळा बंद असतात म्हणून. पण फाल्गुन-चैत्रात वाळवण, वैशाखात आखाजी, आणि त्याच दिवसांत पाण्याची टंचाई. नव्या सिमेंटला मारायला पाणी कुठून आणणार? शेतकरी घरं म्हणून दिवाळीनंतर काम काढतात आणि संक्रांतीच्या आत ओटा वापरात आणतात. तेवढे दोन महिने मागची चूलच घर चालवते.

गेल्या काही वर्षांत मात्र नकाशे बदलताना दिसतात. जळगावच्या नव्या बंगल्यांत स्वयंपाकघराला लागून मागे एक लांबट जागा ठेवतात, ठेकेदार तिला युटिलिटी म्हणतात, म्हाताऱ्या मोरी म्हणतात. तिथे धुण्याभांड्याची तोटी, पिंप, आणि भिंतीला धरून दीड फूट उंचीचा फरशी बसवलेला चौथरा. वाळवणाचं मोठं पातेलं खाली उतरवलेल्या शेगडीवर, सिलिंडर भिंतीपलीकडे, त्याहून खालच्या उघड्या जागी. मावशीच्या घरी मागच्या पौषात असाच बांधला. गवंडी तरुण होता, त्याने माप विचारलं. ती काही बोलली नाही, पाट टाकून बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, इथे रेघ मार. टेप लावला तेव्हा सतरा इंच भरले.