स्पीड 100 एमबीपीएस, तरी लँडलाइनचा आवाज तुटतो का?

सध्या जुनी तांब्याची लाइन काढून फायबर घेणं सगळीकडे चाललंय. नंबर बहुतेक वेळा तोच राहतो, फक्त फोनची वायर भिंतीतल्या डबीऐवजी मॉडेमच्या मागे लागते. मग आवाज तुटला की लोक मोठा प्लॅन घ्यायला निघतात. अहो, आवाजाला स्पीड लागतोच किती! साध्या फोनचा आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजला जातो, दर मापाला 8 बिट, म्हणजे सेकंदाला 64 हजार बिट, झाले 64 केबीपीएस. त्यातला 20 मिलिसेकंदांचा तुकडा एका पॅकेटात, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या एका पुडक्यात जातो, सेकंदाला 50 पॅकेटं, वर पत्त्याबित्त्याचे बाइट धरले तरी 80 केबीपीएसच्या आसपास. 100 एमबीपीएसचा हजारावा भागसुद्धा नाही.

खरा घोळ वेळेचा आहे. पॅकेटं निघतात बरोबर 20 मिलिसेकंदांनी, पण वाटेत राउटरमध्ये रांग असते, घरात कोणी व्हिडिओ अपलोड करत असतं, वायफायमध्ये अडथळे येतात, त्यामुळे एक 15ने पोचतं, पुढचं 60ने, मग दोन एकदम. याला जिटर म्हणतात. त्यावर उपाय फार सुंदर आहे, आलेली पॅकेटं लगेच न वाजवता थोडी साठवायची, गच्चीवरच्या टाकीसारखं, नळाला पाणी कसंही येवो खाली धार एकसारखी. हा झाला जिटर बफर. पण तो मोठा केला की उशीर वाढतो, एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या फार पुढे गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात. म्हणून चांगला बफर नेटची चाल बघून स्वतःच कमीजास्त होत राहतो. आणि जे पॅकेट बफर रिकामा होईपर्यंत आलंच नाही ते परत मागवत नाहीत, ही पॅकेटं ज्या पद्धतीने पाठवतात त्या यूडीपीमध्ये ती सोयच नाही आणि उशिरा आलेला 'हॅ' घेऊन करायचं काय? तिथे आधीच्या आवाजाची लहर पुन्हा वाजवून खड्डा बुजवतात, जी.711 च्या (वरच्या 64 केबीपीएसवाल्या आवाजाचं हे मानक) एका पद्धतीत 60 मिलिसेकंदांत तो आवाज विरत जाऊन बंद होतो. आपल्याला जे 'तुटलं' वाटतं ते हे.

तेव्हा मोठ्या प्लॅनच्या आधी वायफायऐवजी वायर लावून बघा, राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांना रांगेत पुढे सोडायची सोय असेल तर चालू करा. राउटरला चिकटवायच्या 'रेडिएशन शोषणाऱ्या' चिपांवर तर एक रुपयाही घालवू नका, त्या खरंच काही शोषत असत्या तर सिग्नलच मेला असता.

मात्र एक गोष्ट आपण गमावतोय, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर ती फार महत्त्वाची आहे. तांब्याच्या तारेतून एक्सचेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट यायचे, त्यामुळे लाइट गेले तरी साधा फोन चालायचा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, मॉडेम बंद तर फोन बंद. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट बघून तेवढ्याचा छोटा यूपीएस घ्या, मेन स्विच पाडून एक फोन लावून बघा, आणि जिन्यात केबलवाल्याचा विजेवर चालणारा नेटवर्क स्विच (घराघरात नेटची वायर वाटणारा डबा) असेल तर त्याला बॅकअप आहे का तेही विचारा.