टनाला एक ग्रॅमही सोनं नाही, तरी खाण

पिवळा चमकणारा दगड सापडला तर गुजरी (सराफ बाजार) गाठण्याआधी घरातली एखादी टाइल उलटी करा आणि तिच्या खरखरीत बाजूवर तो घासा. सोन्याचा ओरखडा पिवळाच उठतो, पायराइटचा, म्हणजे सोन्यासारख्या चमकणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजाचा, हिरवट काळा.

कोल्हापूरच्या काळ्या पाषाणात तांबं-सोन्याचा पॉर्फिरी साठा, म्हणजे शिलारसातून सुटलेल्या पाण्याने मोठ्या खडकभर विखुरलेला साठा, मिळायचा नाही. हा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आला, त्यात पाणी फारच कमी. आणि पॉर्फिरीला पाणीच लागतं.

समुद्रतळ खंडाखाली सरकतो तिथे पाणीदार शिलारस बनतो. वर चढताना त्याच्यावरचा दाब घटला की सोड्याची बाटली उघडावी तसं पाणी सुटतं. ते कडक खारं असतं, त्यातलं क्लोराइड तांब्याला धरून ठेवतं. खडक फोडत, फटींत क्वार्ट्झ भरत ते वर जातं. खरी गंमत 400 अंश सेल्सिअसच्या आसपास. सल्फर डायऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड आणि गंधकाम्ल तयार होतं. पहिल्यामुळे तांबं-लोह चाल्कोपायराइट (त्यांचं गंधकाशी बनलेलं खनिज) होऊन बसतं, सोनंही बरंचसं त्याच्यासोबत. दुसरं खडकातलं फेल्डस्पार हे खनिज कुरतडून पांढुरकं सेरिसाइट, म्हणजे बारीक अभ्रक, करतं. त्यातून वलयं उमटतात: गाभ्यात पोटॅश फेल्डस्पार आणि काळं अभ्रक, भोवती सेरिसाइट-पायराइट, बाहेर क्लोराइट-एपिडोट ही हिरवी खनिजं. भूवैज्ञानिक आधी हीच वलयं नकाशावर मांडतो. पायाळू माणूस आणि लिंबू यांचं तिथे काही काम नाही.

वलयं दिसली तरी ड्रिलने भोक कुठे आणि किती खोल घ्यायचं, हा प्रश्न उरतोच. मंगोलियातल्या ओयू तोल्गोईत बीएचपी या खाण कंपनीने 1990च्या दशकात उथळ भोकं घेतली आणि जागा सोडली. पुढे आयव्हनहो या दुसऱ्या कंपनीने 2001मध्ये भोक क्रमांक 150 खोलवर नेलं. 508 मीटर लांबीत सरासरी 1.17 टक्के तांबं, टनाला 0.81 ग्रॅम सोनं! म्हणजे टनभर दगडात साधारण पावणेबारा किलो तांबं. 'सोन्याचा साठा सापडला' अशी बातमी आली की आकडा किती मीटरच्या सरासरीचा आहे ते आधी बघावं; एकाच मीटरचा असेल तर पॉर्फिरीसाठी त्यात दम नाही.

नमुन्यातही फसगत होते. भोकातून निघालेला दंडगोल उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. दर वेळी चकाकणारा अर्धा उचलला तर आकडा फुगतो, म्हणून बाजू आधीच ठरवतात. आणि वरच्या खुणांवरही सगळा भरवसा नको: ओयू तोल्गोईतच 2002मध्ये सापडलेला ह्यूगो डमेट साठा शेकडो मीटर खडकाखाली होता. वर त्याची खूणही नव्हती.