पोर्शे ९११: टर्बो एस वेगळी, जीटी३ वेगळी

तेच गोल दिवे, तीच मागे उतरत जाणारी छताची रेषा, इंजिनही दोघींचं मागेच. पोर्शे ९११ टर्बो एस आणि ९११ जीटी३ शेजारी उभ्या असल्या तर नवख्या माणसाचा गोंधळ होणारच. त्यात टर्बो एस जास्त महाग आणि जास्त ताकदवान. त्यामुळे जीटी३ म्हणजे तिचीच जरा स्वस्तातली आवृत्ती, असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. इथे मी २०२० ची टर्बो एस आणि २०२१ ची जीटी३ डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

टर्बो एसला ६५० अश्वशक्ती आणि ८०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. शून्यावरून १०० किमीचा वेग २.७ सेकंदांत. जीटी३ला ५१० अश्वशक्ती, ४७० न्यूटन मीटर, आणि तोच वेग गाठायला ३.४ सेकंद. कागदावर निकाल लागलेला आहे. पण जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक, वळणावळणांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जीटी३ ७ मिनिटांच्या आत फेरी पूर्ण करते, आणि टर्बो एसला ते जमत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ७११ अश्वशक्तीच्या हायब्रिड टर्बो एसलाही जमलं नाही. जीटी३ जवळपास २०० किलोंनी हलकी आहे, तिचा मागचा पंख गाडीला रस्त्यावर दाबून धरतो, आणि पुढचं डबल विशबोन (प्रत्येक चाकाला दोन दांड्यांनी धरणारं) सस्पेन्शन वळणात टायर सरळ टेकवून ठेवतं. सरळ रस्त्यावर कमावलेलं टर्बो एस वळणावळणांत गमावते.

खरा फरक मात्र इंजिनात आहे. टर्बोत एक्झॉस्टचा वायू पंख्यासारखी टर्बाइन फिरवतो आणि तिच्याशी जोडलेला दुसरा पंखा जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. १९७४ च्या पहिल्या ९११ टर्बोत ही ताकद उशिरा यायची आणि आली की एकदम यायची. वळणात ती आली तर मागची चाकं निसटायची. २००६ पासून टर्बाइनभोवती हलणारी पाती बसवली गेली. इंजिन हळू फिरत असताना ती मिटत जातात, वाट अरुंद होते आणि थोडाच वायू जोरात आदळतो. म्हणून २०२० च्या टर्बो एसमध्ये २५०० आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पूर्ण टॉर्क हजर असतो. ओव्हरटेक करायला गिअर खाली आणायचीही फारशी गरज पडत नाही.

जीटी३च्या ४ लिटर इंजिनाला टर्बो नाही. ताकद हवी तर ते फिरवावं लागतं, थेट ९००० आरपीएमपर्यंत. म्हणजे क्रँकशाफ्टचे, इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, सेकंदाला १५० फेरे! सहा सिलिंडरना हवा आत सोडणाऱ्या झडपा, म्हणजे थ्रॉटल, सहा वेगळ्या असल्यामुळे पाय हलला की प्रतिसाद लगेच मिळतो. एवढ्या फेऱ्यांना टिकावं म्हणून व्हॉल्व्हचं अंतर आपोआप जुळवणारी हायड्रॉलिक यंत्रणाच काढून टाकली आहे. ते अंतर कारखान्यात शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून एकदाच बसवलं जातं. हेच इंजिन जवळपास जसंच्या तसं जीटी३ कप या शर्यतीच्या गाडीत जातं. रस्त्यावरच्या गाडीला इतकं प्रामाणिक इंजिन मिळणं ही आज फार दुर्मीळ गोष्ट आहे, आणि मला तिचं मोल अश्वशक्तीपेक्षा जास्त वाटतं.

रोजच्या वापरात मात्र टर्बो एसच शहाणी. चारही चाकांना ताकद, त्यामुळे पावसाबर्फातही भरवसा. मागे मुलांपुरत्या दोन सीट आहेत, आणि लांबच्या प्रवासात केबिन शांत राहते. जीटी३त मागची सीट नाही, सस्पेन्शन कडक, आणि चाकांनी उडवलेले खडे खालून आपटताना ऐकू येतात. पुढचं नाक उचलण्याची सोय दोन्हींत जादा पैसे देऊन मिळते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर पाहता ती न घेणं म्हणजे पुढचा बंपर गमावणं.

अडचण अशी की जीटी३ जिथे खुलते त्या वेगाला साध्या रस्त्यावर जागाच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ९००० गाठेपर्यंत बहुतेक देशांची हमरस्त्यावरची वेगमर्यादा जवळपास संपलेली असते. तरीही ट्रॅकवर न जाणाऱ्याने ती घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. कारण तिला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतो, जो टर्बोला २०१३ पासून मिळतच नाही. आणि मोठा पंख नको असेल तर टूरिंग पॅकेज आहे. इंजिन तेच, मागे फक्त गरजेपुरता वर येणारा छोटा स्पॉयलर. ट्रॅकवर क्वचितच जाणाऱ्या पण गाडी स्वतः चालवण्याची हौस असलेल्याने मॅन्युअल टूरिंगच घ्यावी. घरात एकच गाडी असेल आणि मुलांना शाळेत सोडायचं असेल, तर टर्बो एस.