कायम नाईट आणि फिरती पाळी: दोघांना एकच सल्ला का चालत नाही

‘नाईटला आहे’ असं कुणी म्हटलं की त्याचे दोन अर्थ निघतात. नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे महिनोनमहिने रात्रीच जागतात. बुटीबोरीच्या कारखान्यातला फिटर, वीजकेंद्रातला ऑपरेटर, वॉर्डातली सिस्टर हे मात्र बहुधा ए (सकाळ), बी (दुपार), सी (रात्र) अशा पाळ्यांत फिरत असतात. दोघांनाही ऐकायला मिळतं ते एकच: काळा गॉगल लावून घरी ये, पडदे लाव, दिवसभर झोप. कायम नाईटवाल्यासाठी हे बरंचसं बरोबर आहे. दोन रात्रींनंतर सकाळच्या पाळीला जाणाऱ्याला मात्र तेच नडतं.

शरीरातलं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. दिवसा काम आणि रात्री झोप असणाऱ्याचं शरीर पहाटे ४ ते ५ च्या सुमारास सर्वांत थंड असतं. त्याआधी डोळ्यांवर पडलेला उजेड झोपेची वेळ उशिरावर नेतो, त्यानंतरचा उजेड ती अलीकडे ओढतो. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला असल्यामुळे मे महिन्यात इथे साडेपाचच्या आसपासच सूर्य उगवतो. सहाला सुटलेला कामगार घरी पोचेपर्यंत लख्ख उजेडात असतो, आणि पश्चिमेकडच्या हिंगण्याहून शहराकडे येणाऱ्याच्या तर ऊन थेट तोंडावर. रात्रभर दिव्याखाली जागून घड्याळ जेवढं सरकलं असेल, तेवढं त्या प्रवासात परत येतं. म्हणूनच वर्षानुवर्षं नाईट करूनही बहुतेकांचं शरीर रात्रीला पूर्ण सरावत नाही. अमेरिकेच्या वेळेवरची पाळी पहाटे साडेतीनला सुटत असेल, तर ती सहाला सुटणाऱ्या पाळीपेक्षा सोसायला सोपी. अंधारातच अंथरुणाला पाठ टेकता येते.

कायम नाईटवाल्याने घड्याळ अर्धवट सरकवून तिथेच धरून ठेवावं. पाळी १० ते ६ असेल तर रोज सकाळी साडेआठ ते दुपारी तीन झोप. सुटीच्या दिवशी रात्री दहाला झोपायचं नाही. पहाटे तीनला झोपून दुपारी बाराला उठायचं. म्हणजे साडेआठ ते बारा हे तास रोजच झोपेचे राहतात आणि घड्याळाला एक खुंटा मिळतो. इथे नेमकी चूक होते ती सुटीला: लग्न, बाजार, पाहुणे यांत अख्खा दिवस जागून काढला की आठवडाभराचं सरकवलेलं घड्याळ मागे येतं आणि पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरुवात. गॉगल घरी येतानाच, आणि तोही कंपनीच्या बसमध्ये बसून. पेंगत दुचाकी चालवत असाल तर गॉगल नको आणि खरं म्हणजे दुचाकीही नको. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं मंदावतं.

फिरत्या पाळीत सलग दोन-तीनच रात्री असतील तर घड्याळ सरकवायचा प्रयत्नच करू नये. पहिल्या रात्रीआधी दुपारी दीड तास झोप काढा. मधल्या दिवशी सकाळी मिळेल ती चार-पाच तासांची झोप आणि संध्याकाळी पुन्हा एक डुलकी. शेवटच्या नाईटनंतर दोन-तीन तासच झोपून उठा, उजेडात फिरा आणि रात्री नऊ-दहाला आडवे व्हा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपलात तर रात्री टक्क जागे राहाल.

सगळ्यांत वाईट म्हणजे आठवडाभर नाईट, मग आठवडाभर दुसरी. घड्याळ अर्ध्यावर येतं आणि पाळी बदलते. त्यात फिरण्याची दिशा उलटी असली की हाल विचारू नका. सी पाळी सकाळी सहाला सुटली आणि बी दुपारी दोनला लागली, तर मध्ये आठच तास. जाणं-येणं, अंघोळ, जेवण वजा करता झोप चार तास. ए नंतर बी, बी नंतर सी असा क्रम ठेवला तर बदलीच्या वेळी २४ तास मिळतात. माणसं तेवढीच, मशीन तीच, फक्त रोस्टरचा क्रम बदलायचा. युनियनने ही मागणी भत्त्याच्याही आधी लावून धरावी असं आम्हाला वाटतं. साप्ताहिक सुटीचाही हिशोब बघा: मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची सुटी कायद्याने पाळी सुटल्यापासून सलग २४ तास असते, त्यातला अर्धा दिवस झोपेतच जातो.

४५ अंशांच्या दिवसांत दोघांचीही अडचण एकच, कूलर. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते आणि त्याच वाटेने उजेड आत येतो. सगळं बंद केलं तर खोली दमट होऊन घामाने जाग येते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा आणि तिच्यापासून चार बोटं अंतर सोडून जाड काळं कापड टांगा. कडेने हवा निघते, उजेड अडतो. टाकी झोपायच्या आधी काठोकाठ भरा, नाहीतर मे महिन्यात ती भर दुपारी कोरडी पडते आणि गरम झोताने जाग येते. शेवटचा चहा पहाटे तीनच्या आत. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. नाईट सुटल्यावरचे तर्री पोहेही झोपून उठल्यावरच बरे, छातीत जळजळ घेऊन झोप टिकत नाही.

रात्रपाळीचा संबंध मधुमेह आणि हृदयविकाराशी आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१९ मध्ये तिला ‘२ए’ गटात, म्हणजे कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून, कायम ठेवलं. म्हणून तपासणीला जाताना रोस्टर सोबत न्या. रात्री दोनला डबा खाऊन सकाळी आठला साखरेसाठी दिलेलं रक्त ‘उपाशीपोटी’ ठरत नाही. त्याला आठ तास पोट रिकामं हवं. एचबीएवनसीला (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीला) उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे नाईटवाल्याला ती सोयीची. पण विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो, आणि सिकलसेल असेल तर हा आकडा फसवतो. घरात कुणाला असेल तर रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन घेणाऱ्याने नाईटच्या आठवड्याच्या वेळा वेगळ्या लिहून घ्याव्यात, आणि फिरत्या पाळीत तर प्रत्येक पाळीच्या.