घराण्याची कादंबरी शेवटाकडे का थकते?

जादुई वास्तववाद हे नाव आधी चित्रांना मिळालं. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांनी ते १९२५ साली वापरलं. अद्भुत गोष्टी रोजच्या वास्तवाइतक्याच सहजपणे सांगणाऱ्या कादंबरीशी त्याची सोयरीक पुढे लॅटिन अमेरिकेत जुळली.

१९६७ साली ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं घराणं हा या शैलीचा हुकमी विषय झाला. तिचे कोलंबियन लेखक गार्सिया मार्केस यांना तिचा सूर आजीच्या बोलण्यात सापडला. अचाटातली अचाट गोष्ट आजी अगदी निर्विकार चेहऱ्याने सांगायची. या कादंबऱ्यांचं बळ तिथलंच आणि माझ्या मते अडचणही तिथलीच. पणजोबांविषयी आपण फक्त ऐकलेलं असतं. तिथे शाप, नवस, भूत सगळं मानवतं. वडिलांना मात्र आपण पाहिलेलं असतं. कथा निवेदकाच्या हयातीत शिरली की तारखा, निवडणुका, वर्तमानपत्रं आत येतात आणि अद्भुत अंग चोरू लागतं. मार्केस यातून सुटले, कारण घराण्याचा अंत त्यांनी कादंबरीतल्याच मेल्कियादेस नावाच्या जिप्सीच्या हस्तलिखितात आधीच लिहून ठेवला होता.

मुंबईच्या वाट्याला अशी कादंबरी १९८१ साली आली, सलमान रश्दींची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’. सुरुवातीला काश्मिरातले डॉक्टर आजोबा चादरीच्या भोकातून एका तरुणीला तपासतात आणि तिचा एकेक अवयव पाहत तिच्या प्रेमात पडतात. मग वॉर्डन रोडजवळची वस्ती, १५ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र, पाळण्यातली अदलाबदल. हा भाग आजही श्वास रोखून वाचावा असा आहे. शेवटाकडे आणीबाणी येते, त्या मध्यरात्री जन्मलेल्या मुलांच्या अद्भुत शक्ती काढून घेतल्या जातात आणि इतिहास कादंबरीला ओढत नेतो. ही हानी लेखकाने कथेतच गुंफली आहे, तरी तिथे मला कथेपेक्षा संतापच जास्त ऐकू येतो.

त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत दोन-तीन पिढ्या नांदत होत्या. पगार थांबले तशी माणसं गावी गेली, डोंबिवली-विरारला पांगली. पुढे लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. या पडझडीतलं घर जयंत पवार यांनी आधी ‘अधांतर’ नाटकात वास्तववादी रीतीने उभं केलं. अद्भुताला त्यांनी जागा दिली ती कथेत. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.