बीआरसीए तर सगळ्यांकडेच असतं

'तिला बीआरसीए जनुक निघालं' हे वाक्य स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलताना सर्रास कानावर येतं. खरं तर बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं प्रत्येकाकडे असतात, बाईकडेही आणि पुरुषाकडेही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती: एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. डीएनएची डागडुजी हे त्यांचं काम. चाचणीत शोधायचं असतं ते इतकंच, की यातली एखादी प्रत बिघडलेली आहे का आणि बिघाड नेमका कुठे आहे.

नुसता फरक सापडला म्हणून बिघाड झाला असं होत नाही. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात, म्हणजे डीएनएचे ए, टी, जी आणि सी हे रासायनिक घटक. संदर्भासाठी ठरवलेल्या प्रतीशी कुणाचाही संच ताडून पाहिला, तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही.

मग बिघडतं कशाने? पेशी ही अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते आणि एकेका गटामागे प्रथिनाच्या साखळीत एक अमिनो आम्ल ओवते. तीन-तीन अक्षरांचंच एक वाक्य घेऊ: 'छगन कमळ उचल मगन बदक पकड'. 'कमळ'चं 'कमल' झालं, तर एक अक्षर बदललं तरी अर्थ तोच. 'कमर' झालं तर अर्थ बदलला, पण पुढचं वाक्य शाबूत. आता 'मळ' ही दोन अक्षरं गाळा आणि पुन्हा तीन-तीनने वाचा: 'छगन कउच लमग नबद कपक ड'. गळली दोनच अक्षरं, पण तिथून पुढचं सगळं वाक्य वाया गेलं.

बीआरसीए-१ मधल्या एका प्रसिद्ध बदलात नेमकं हेच होतं. सुरुवातीच्या भागातली ए आणि जी ही दोन अक्षरं गळतात. १,८६३ अमिनो आम्लांचं प्रथिन बनायचं असतं. पहिली २२ बरोबर, पुढची १६ भलतीच, आणि ३९व्या जागी 'थांबा' अशी खूण. अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात दर ४० माणसांत साधारण एकाकडे हा किंवा दोन्ही बीआरसीए जनुकांतल्या आणखी दोन ठरावीक बदलांपैकी एक असतो.

मात्र तीनच्या पटीत गळालं की निभावलं, असंही नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आजारातला सर्वांत जास्त आढळणारा बदल बरोबर तीन अक्षरं गाळतो. वाचन विस्कटत नाही, पण ५०८व्या जागचं एकच अमिनो आम्ल नसल्याने प्रथिनाची घडी नीट बसत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारात तर एका ए-च्या जागी टी आला, एवढंच घडलेलं असतं.

बीआरसीएची प्रथिनं करतात काय? डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की पेशी विभाजनाआधी तयार झालेली जुळी प्रत समोर ठेवून तुटलेला भाग पुन्हा लिहून काढते. बीआरसीए-१ या कामाची तयारी करतं, तर बीआरसीए-२ हे आरएडी-५१ नावाच्या प्रथिनाला तुटक्या टोकांवर नेऊन बसवतं. ही सोय नसेल तर पेशी टोकाला टोक कसंबसं जोडते, त्यात अक्षरं गळतात आणि चुका साठत जातात. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते, म्हणूनच बिघाड जन्मजात असूनही माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो. स्तनाच्या एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही हरवली, की तिथून कर्करोगाची वाट मोकळी होते. बीआरसीए-२ च्या दोन्ही प्रती जन्मतःच बिघडलेल्या असल्या तर आजारच वेगळा: फॅन्कोनी ॲनिमिया. त्यात रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा निकामी होते आणि लहानपणीच कर्करोगाचा धोका असतो.

पेशीची हीच उणीव औषधासाठी कामी येते. पार्प हे प्रथिन डीएनएच्या एकाच धाग्यातल्या तुटलेल्या जागा सांधायला मदत करतं. ओलापॅरिबसारखं औषध त्याला अडवतं. निरोगी पेशीला बीआरसीएचा आधार असतो, ती तगते. गाठीतल्या पेशीला तोही नसतो, ती मरते.

धोक्याचे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १०,००० स्त्रियांच्या अभ्यासातून येतात. वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मधल्या घातक बदलात ७२ टक्के, बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी हेच आकडे ४४ आणि १७. हे आयुष्यभराचे आकडे आहेत. 'आज ७२ टक्के' असा अर्थ काढून घाबरणारे पुष्कळ. बीआरसीए-२ मधल्या बदलाने पुरुषांत प्रोस्टेटच्या आणि स्त्री-पुरुष दोघांतही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

चाचणीत चुका होतात त्या बहुधा रक्त काढण्याआधीच. घराण्याचा इतिहास विचारताना फक्त आईची बाजू विचारली जाते. बदल वडिलांकडूनही तितकाच येतो. वडिलांना काही झालेलं नसतं, म्हणून आत्याचा आजार कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी.

शक्य असेल तर पहिली चाचणी घरात ज्यांना कर्करोग झाला आहे त्यांचीच करावी. त्यांच्यात बदल सापडला, तर इतरांमध्ये नेमका तोच शोधता येतो आणि तो नसेल तर 'नाही' या उत्तराला वजन असतं. थेट निरोगी बहिणीची चाचणी केली आणि काही निघालं नाही, तर तिच्याकडे तो बदल आला नाही की घराण्यातला बिघाड दुसऱ्याच जनुकात आहे, हे कळत नाही. पीएएलबी-२, सीएचईके-२, एटीएम अशी आणखी जनुकं आहेतच.

चाचणी कशी केली, हेही विचारावं. अक्षरवाचन करताना जनुकाचा अख्खा तुकडाच गायब असेल तर तो नजरेतून सुटू शकतो, कारण दुसरी प्रत नीट वाचली जाते. त्यासाठी प्रतींची मोजणी वेगळी करावी लागते. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवलेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. तिथे त्वचेच्या पेशी घ्याव्या लागतात. आणि गाठीच्या तुकड्यात सापडलेला बदल फक्त गाठीतलाच असू शकतो, म्हणून तो जन्मजात आहे का हे रक्तातून पडताळतात.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो 'अर्थ अनिश्चित' या शेऱ्याने. अहवालात बदलांचे पाच वर्ग असतात: निरुपद्रवी, बहुधा निरुपद्रवी, अनिश्चित, बहुधा घातक, घातक. मधल्या वर्गातला बदल हा 'थोडासा घातक' नसतो. त्याबद्दल पुरावाच अपुरा असतो. असे बदल पुढे बहुतांशी निरुपद्रवी ठरतात, त्यामुळे केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत. देखरेख घराण्याच्या इतिहासावरून ठरवतात. वर्ग बदलला तर प्रयोगशाळा सहसा ज्या डॉक्टरांनी चाचणी लिहून दिली त्यांना कळवते. मधल्या काळात रुग्णाने डॉक्टर बदललेला असतो, फोन नंबरही बदललेला असतो. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी आपणच विचारावं आणि जुना अहवाल जपून ठेवावा. त्यावर बदलाचं जे पूर्ण लांबलचक नाव छापलेलं असतं, त्यावरूनच पुन्हा शोध घेता येतो.