मूल आजारी होतं, रजा मंजूर झाली, तरी चाचणीचे मार्क कापले? अर्ज कसा करायचा, कागद कुठले लागतात

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, कारण मला हे एक सत्र वाया गेल्यावर कळलं. रजेचा अर्ज वेगळा आणि मार्कांचा अर्ज वेगळा. आपण आई-वडील डॉक्टरचं सर्टिफिकेट देतो, बाई "ठीक आहे, बरं वाटू दे" म्हणतात, आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण त्या कागदाने फक्त हजेरीपटावर रजा लागते. त्या दिवसात जी घटक चाचणी झाली, तोंडी झाली, प्रॅक्टिकल झालं तिथे एबी (अ‍ॅबसेंट, म्हणजे गैरहजर) तसंच राहतं आणि बेरीज करताना एबीचा शून्य होतो.

माझी मुलगी नववीत होती तेव्हा ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली गेल्या, नऊ दिवस घरी आणि त्यातले चार अॅडमिट. सगळे कागद शाळेत दिले. ऑक्टोबरमध्ये निकालपत्र हातात आलं तर विज्ञान आणि गणित दोन्हीकडे चाचणीला शून्य. वर्गशिक्षिका मनाने चांगल्या, पण म्हणाल्या, "रजा मंजूर आहे हो, पण टेस्टच दिली नाही तर मार्क कुठून देऊ?" त्यांचंही चूक नव्हतं, फेरचाचणीसाठी आम्ही लेखी मागितलंच नव्हतं. पण साधा हिशोब बघा, २० मार्कांच्या दोन चाचण्या आणि त्यांची सरासरी धरायची. एका चाचणीत १६ मिळाले, दुसऱ्या वेळी मूल हॉस्पिटलमध्ये, तर सरासरी ८. म्हणजे सोळा मार्कांचं मूल कागदावर आठ मार्कांचं झालं, आणि अभ्यासाशी त्याचा काही संबंध नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं. म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

आता कुणाला काय मागता येतं ते. पहिली ते आठवी, राज्य मंडळाची शाळा असेल तर २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) असे दोन भाग आहेत. आकारिकसाठी आठ साधनतंत्रं, म्हणजे मूल्यमापनाच्या पद्धती, दिलीत, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. म्हणजे चाचणी हे आठातलं एक. ती हुकली तर बाईंना तोंडी काम किंवा प्रकल्प घेऊन मूल्यमापन करता येतं, आणि अर्जात हेच लिहा की "दुसऱ्या साधनतंत्राने मूल्यमापन व्हावं". हा शब्द वापरलात की समोरच्याला कळतं की पालकांनी वाचलंय.

नववी-दहावीत प्रत्येक विषयाचे २० मार्क शाळेच्या हातात असतात, भाषेला तोंडी, विज्ञानाला प्रॅक्टिकल, गणिताला गृहपाठ वगैरे. हे वीस किती जड आहेत ते ज्यांची मुलं २०१९ला दहावीत होती त्यांना विचारा. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत, म्हणजे शाळेच्या हातातले, गुण बंद होते आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. दहावी-बारावीला बोर्डाची तोंडी किंवा प्रॅक्टिकल आजारपणाने हुकलं तर "आउट ऑफ टर्न" म्हणून सोय असते, लेखी परीक्षा संपल्यावर ती घेतात. शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात हाच शब्द वापरायचा, "री-एक्झाम" म्हटलंत तर क्लार्क पुरवणी परीक्षेचं सांगत बसतो. अर्ज शाळेमार्फतच जातो, मुंबईसाठीच्या वाशीच्या विभागीय मंडळात आपण थेट धावायची गरज नाही.

सीबीएसईवाल्यांचं थोडं वेगळं आहे. दहावीचे २० असे की पिरिऑडिक टेस्ट ५, मल्टिपल असेसमेंट ५, पोर्टफोलिओ ५ आणि सब्जेक्ट एनरिचमेंट ५. पिरिऑडिक टेस्ट तीन होतात आणि त्यातल्या चांगल्या दोन धरतात, त्यामुळे एक हुकली तर घाबरू नका, फक्त शाळा खरंच तीन घेते का ते विचारून ठेवा. तिथे खरी भीती हजेरीची. ७५ टक्के लागतेच, मोठं आजारपण, राष्ट्रीय पातळीवरचा खेळ अशा गंभीर कारणाला २५ टक्क्यांपर्यंत सवलत, पण कागद असतील तरच, आणि ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत शाळेकडून बोर्डाच्या विभागीय कार्यालयात पोचायला हवेत. म्हणजे तुमच्याकडून शाळेला डिसेंबरमध्येच.

कागदांचं नीट वाचा, मुंबईत इथेच सगळे अडकतात. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर लेटरहेड, रजिस्ट्रेशन नंबर, सही-शिक्का, आजाराचं नाव आणि कधीपासून कधीपर्यंत विश्रांती सांगितली त्या दोन्ही तारखा हव्यात. नुसतं "अंडर माय ट्रीटमेंट" लिहिलेलं चालत नाही. सोबत रक्ताचा रिपोर्ट, त्यावर तारीख छापलेली असते त्यामुळे त्याला कुणी हरकत घेत नाही. अॅडमिट असेल तर डिस्चार्ज कार्ड. केईएम, सायन, नायर, कूपर, राजावाडी अशा पालिकेच्या दवाखान्यात दाखवलं असेल तर केस पेपरचा फोटो त्याच दिवशी मोबाइलमध्ये काढा, पावसात भिजून गेलेला केस पेपर मी स्वतः इस्त्रीने वाळवलाय. सीबीएसईच्या हजेरी सवलतीला सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, म्हणून उपचार खासगीत चालू असले तरी एकदा सरकारी ओपीडीत सगळे रिपोर्ट घेऊन दाखवून या, आणि आजारपण चालू असतानाच, नंतर मागच्या तारखेचं कुणी देत नाही आणि देऊही नये.

घरात कुणी गेलं असेल तर मृत्यू दाखला वॉर्ड ऑफिसातून यायला वेळ लागतो, तोपर्यंत अर्जाला स्मशानभूमीच्या पावतीची झेरॉक्स जोडा आणि "दाखला मिळताच सादर करते" असं लिहा. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) मॅचेस असतील तर संघनिवडीचं पत्र आणि सहभागाचं प्रमाणपत्र, आणि इथे अर्ज जायच्या आधी करायचा, आल्यावर नाही. पालिकेने पावसाची सुट्टी जाहीर केली तर शाळाच बंद, तिथे प्रश्न नाही. पण गणपतीला गावी गेलो आणि सुट्टी संपल्यावर चार दिवस जास्त राहिलो, हे मंजूर कारणात बसत नाही, त्यासाठी खोटं सर्टिफिकेट जोडू नका, खरंच आजारी असलेल्या मुलाच्या कागदावर मग संशय घेतात.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करा, वर्गशिक्षिकेच्या नाही. दोन कागद. पहिला रजेचा, आजारपणाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, व्हॉट्सॲपवर कळवलंत तरी लेखी द्याच. दुसरा मूल शाळेत परत जाईल त्याच दिवशी, विषय असा: "मंजूर रजेच्या काळात झालेल्या चाचणीची फेरचाचणी / पर्यायी मूल्यमापन मिळण्याबाबत". खाली नाव, इयत्ता-तुकडी, हजेरी क्रमांक, रजेच्या तारखा, कुठल्या तारखेला कुठल्या विषयाची कुठली चाचणी हुकली ते एकेक लिहा, आणि शेवटी एक वाक्य, "फेरचाचणी शक्य नसल्यास हुकलेली चाचणी शून्य न धरता उरलेल्या चाचण्यांवरून गुण द्यावेत ही विनंती". मुलाला अजून अशक्तपणा असेल तर आठ दिवस मागून घ्या, आल्या दिवशी पेपर द्यायला बसवू नका. दोन प्रती न्या, एक ऑफिसात, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख, म्हणजे पोच. ऑफिसातले "ठेवून जा" म्हणतील, तरी शिक्का घेतल्याशिवाय निघू नका, पुढे सगळं त्या शिक्क्यावर चालतं.

आठ-दहा दिवसात उत्तर नाही आलं तर त्याच पोचचा संदर्भ देऊन स्मरणपत्र, आणि शाळेच्या पीटीएत (पालक-शिक्षक संघात) विषय मांडा, कारण बऱ्याच वेळा शाळेचा फेरचाचणीचा नियमच लिहिलेला नसतो आणि एका मुलाच्या निमित्ताने तो सगळ्यांसाठी लिहून घेता येतो. तरी नाही झालं तर माध्यमिकसाठी मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर असे तीन शिक्षण निरीक्षक आहेत, तुमची शाळा ज्यांच्याकडे येते तिथे अर्ज, प्राथमिकसाठी पालिकेचे शिक्षणाधिकारी. सीबीएसई शाळेच्या परीक्षेबद्दलची तक्रार मात्र बोर्डाच्या विभागीय कार्यालयात.

आमच्याकडे दुसरा अर्ज निकालपत्र आल्यावर, म्हणजे दोन महिने उशिरा गेला, तरी मुख्याध्यापकांनी विज्ञानाची चाचणी परत घेतली, गणिताचं सत्र बंद झालं म्हणून ते तसंच राहिलं. दहावीला एवढी सवलतसुद्धा नसते, अंतर्गत गुण शाळा बोर्डाला ऑनलाइन भरते, तेव्हा ते भरायच्या आधी वर्गशिक्षिकेकडे जाऊन आपल्या मुलाच्या नावासमोर कुठे एबी राहिलंय का ते विषयवार बघून या.